जुन्या घराचं दार नव्या घराला: शोधायचं कुठे, पारखायचं कसं, बसवायचं कसं

जुनं दार हवं असलं की मंडळी आधी मोबाइलवर फोटो गोळा करतात आणि मग फोटोसारखं दार शोधत मुंबईची दुकानं पालथी घालतात. मी दापोली-गुहागर पट्ट्यात घरदुरुस्तीची कामं घेते आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते: कोकणात दार शोधू नका, पडणारं घर शोधा. दार आपोआप सापडतं, आणि मुख्य म्हणजे चौकटीसकट सापडतं. चौकट नसलेलं जुनं दार मी फुकट मिळालं तरी घेत नाही. का ते पुढे येईलच.

पडणारं घर कुणाला माहीत असतं? एजंटाला तर मुळीच नाही. चिऱ्याच्या खाणीवरून गाडी भरणाऱ्या ड्रायव्हरला विचारा. नवीन घरासाठी पहिला चिरा कुणाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पडला ते त्याला माहीत असतं, आणि खळ्यात चिरा पडला म्हणजे मागचं कौलारू घर पुढच्या पावसाला नसणार. दुसरा जेसीबीवाला, तिसरा जुनी मंगलोरी कौलं घेणारा. या तिघांचे नंबर तुमच्याकडे असले की अर्धं काम झालं. माझ्याकडे हे नंबर देवघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेले आहेत.

वेळेचंही गणित आहे. घर पाडायचा निर्णय होतो गणपतीत, कारण सगळे भाऊ तेव्हाच एका छपराखाली असतात. प्रत्यक्ष पाडापाडी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि मे महिन्यापर्यंत चालते. म्हणून शब्द टाकायचा तो गणपतीत, आरती झाल्यावर, ओटीवर गप्पा रंगल्या असताना. एप्रिलमध्ये गेलात तर भंगारवाल्याने दार आधीच नेलेलं असतं आणि वासे चुलीपाशी रचलेले असतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर आमच्याकडे हे वेळापत्रक काही काळ कोलमडलं होतं. ज्यांची कौलं उडाली त्यांतल्या पुष्कळांनी डागडुजी सोडून स्लॅबच टाकला, आणि चांगली सागाची दारं वळचणीला भिजत पडली. तशी दारं आजही गोठ्याच्या आडोशाला, विहिरीवर झाकण म्हणून, कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली दिसतात. वाडीतून चालताना मान जरा वळवत चला.

मुंबईतून घ्यायचंच असेल तर जोगेश्वरी पश्चिमेचं ओशिवरा मार्केट आणि चोर बाजारातली मटण स्ट्रीट ही दोन नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, हे लक्षात ठेवून निघा. तिथे माल भरपूर, पण त्यात राजस्थान-गुजरातकडचा जास्त: पितळी फुल्या, जाड लोखंडी पट्ट्या, हवेलीची दारं. जांभ्याच्या भिंतीत, पुढे पडवी आणि शेणाने सारवलेलं खळं असताना, असलं दार परक्या लग्नात घुसलेल्या पाहुण्यासारखं दिसतं. आपल्याकडचं दार साधं असतं. दोन फळ्या, म्हणजे झडपा, जाड चौकट, वर मधोमध कोरलेला गणपती, दोन्ही बाजूंना फार तर एखादी वेल. तमिळनाडूत कराईकुडीला चेट्टियारांच्या वाड्यांतली बर्मी सागाची दारं मिळतात, ती देखणी असतात यात वाद नाही. पण तिथून कोकणात आणायचा खर्च आणि मधल्या मधल्या आदळआपटीत निखळणारे सांधे धरले, तर दारापेक्षा प्रवास महाग.

घरमालकाची संमती

ही बाजू कंटाळवाणी आहे, पण इथेच सगळी भांडणं होतात. गावात राहणारा काका म्हणतो, "न्या हो, दाराला काय करायचंय." काका मनापासून देत असतो. पण घर सामाईक असतं आणि मालकी डोंबिवली, नालासोपारा, पुणे अशी पसरलेली असते. तुम्ही दार टेम्पोत चढवता आणि संध्याकाळी कुठल्या तरी पुतण्याचा फोन येतो, "आमच्या आजोबांचं दार कुणाला विचारून नेलंत?" म्हणून ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा बघा. त्यावर कुणाची नावं आहेत ते कळतं. साध्या कागदावर लिहून घ्या: कुठल्या घराचं, कुठलं दार, किती रुपयांना, आणि खाली जितक्यांच्या मिळतील तितक्यांच्या सह्या. मुंबईकरांचा होकार व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला तरी चालतो, फक्त तो जपून ठेवा. दार भिंतीत असतानाचा फोटो काढा, शेजारी मालक उभा असलेला उत्तम. कोकणात बंद घरांची दारं चोरीला जातात, म्हणून टेम्पोत भरलेलं, घराचा पत्ता नसलेलं दार कितीही स्वस्त असलं तरी हात लावू नका.

हेच कागद वाटेत उपयोगी पडतात. जुनं साग लाकूड गाडीत दिसलं की नाक्यावर वनखात्याचे लोक विचारणा करतात. एक दार असेल तर कागद आणि फोटो सोबत ठेवा. दारासोबत तुळया, खांब, वासेही घेत असाल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन वाहतूक परवान्याचं विचारा आणि मगच गाडी भरा.

आणखी एक कायदा माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात, इमारतीपासून सुटी केलेली १०० वर्षांहून जुनी वस्तूही येते. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळचं कोरीव दार त्यात बसू शकतं. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. दुबईतल्या मेहुण्यासाठी दार बघायला आलेल्यांना मी हे पहिल्या चहालाच सांगते.

उंबरठ्याचंही बोलून घ्या. आमच्याकडे काही घरांत दार देतात, चौकट देतात, पण उंबरठा देत नाहीत. तो त्याच जागी पुरतात किंवा नव्या घराच्या पायात घालतात. एका म्हाताऱ्या आजींनी मला सरळ सांगितलं, "दारातनं माणसं गेली आली, उंबऱ्यावर लक्ष्मी बसली. तो माझा." अशा वेळी घासाघीस करू नये. त्याच मापाचा नवा उंबरठा सुताराकडून करून घ्यावा, आणि तो सागाचाच असला पाहिजे असं नाही. फणसाचा उत्तम होतो.

दार पारखायचं कसं

सोबत पेचकस, टॉर्च, मापटेप, छोटी हातोडी आणि जुनं ब्लेड घ्या. सकाळच्या उन्हात बघा, संध्याकाळी सगळीच दारं चांगली दिसतात.

सुरुवात खालून करायची. फळीचे खालचे सहा इंच आणि चौकटीचे पाय इथे पाऊस, शेण, सारवण, सगळं बसलेलं असतं. पेचकसाचं टोक दाबा. साग चांगला असेल तर टोक अडतं. कुजला असेल तर भिजल्या बिस्किटात गेल्यासारखं जातं. मग हातोडीने चौकट खालून वर ठोकत जा. आवाज भरीव येत असताना मध्येच पोकळ झाला, की आत वाळवीने पोखरलंय. वाळवी नेहमी भिंतीकडच्या बाजूने येते, जिथे चौकट मातीच्या भिंतीला चिकटलेली असते, आणि ती बाजू दार काढेपर्यंत दिसतच नाही. म्हणून सौदा करताना शब्द घ्या: मागची बाजू बघून पैसे. भुंग्याची गोल भोकं दिसली तर घाबरू नका, भोकं जुनी असू शकतात. खाली कागद पसरून ठोका. फिक्या रंगाची ताजी पूड पडली तर कीड अजून आत आहे.

लाकूड कुठलं ते ब्लेडने कळतं. बिजागरीच्या मागे, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे नखाएवढं खरवडा. साग सोनेरी तपकिरी निघतो, बोटाला किंचित तेलकट लागतो आणि त्याला कातड्यासारखा वास असतो. फणस पिवळट, जुना झाला की गडद तपकिरी. शिसव काळपट जांभळी, अंगावर रेघा असलेली. ऐन जड आणि काळसर. आंबा हलका आणि कीड लागणारा, तो देवघराच्या दारातसुद्धा नको. विकणारे सगळ्याला बर्मा टीक म्हणतात. ब्रिटिश काळात मुंबई बंदरात ब्रह्मदेशाचा साग पुष्कळ उतरत होता, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ ची, आणि तो साग किनाऱ्यावरच्या सधन घरांत आलाही. पण आपल्या डोंगरातही साग आहे. सरळ रेषा, गाठ जवळजवळ नाही, आणि एकाच अखंड लाकडात फळीची सगळी रुंदी, असं दिसलं तर बर्मा म्हणणाऱ्याचं ऐकून घ्या. नाही तर हसून पुढे.

आता वय. नव्या लाकडाला खुरपून, कॉफी कलरचं पॉलिश मारून "शंभर वर्षांपूर्वीचं" म्हणून विकणारे आहेत. त्यांना एक गोष्ट जमत नाही: झीज. खरं दार जिथे हात लागतो तिथेच झिजतं. केळशीजवळच्या एका घरातलं दार मी अजून विसरले नाही. कडी कोयंड्यातून काढून सोडली की ती लोंबकळत मागेपुढे हलायची, आणि त्या हलण्याने फळीवर चंद्रकोरीएवढी खाच पडली होती. कडेला उथळ, मध्ये करंगळीचं नख बसेल इतकी खोल. तिच्या वर, एका उंचीवर, तळहाताने ढकलून ढकलून लाकूड गुळगुळीत काळं झालेलं. त्याच्या खाली कमरेएवढ्या उंचीवर दुसरी तशीच जागा, ती पोरांची. उंबरठा मधोमध खाली गेलेला, पण डाव्या अंगाला जरा जास्त, कारण उजवीकडे पाण्याचा हंडा असायचा. असली झीज मशीनने होत नाही. नकली दारावर ओरखडे सगळीकडे सारखे पेरलेले असतात.

खिळे बघा. घणावर घडवलेला खिळा चौकोनी असतो, डोकं वेडंवाकडं असतं आणि त्याच्याभोवती लाकडात काळा डाग उतरलेला असतो, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून तो होतो. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू दिसला तर निदान तेवढा भाग तरी नवा आहे. फळीच्या मागच्या अंगावर करवतीच्या रेघा सरळ आणि कमी-जास्त अंतरावर असतील तर हाताने कापलेलं. गोल कमानीसारख्या रेघा म्हणजे मशीनची करवत. सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतील तर दार हलवल्यावर कुरकुरलं तरी चालेल, खुंट्या घट्ट करता येतात.

शेवटी चौकटीचे दोन्ही कर्ण मापा. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक सुतार जिरवतो. दोन इंचांचा असेल तर घर एका बाजूला बसलंय आणि चौकटही त्याच्याबरोबर वाकली आहे.

पैशाचं

जुनं लाकूड घनफुटावर विकलं जातं. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घ्या, तिन्ही गुणा आणि १४४ ने भागा. साडेसहा फुटी, ५ बाय ४ इंचाचे दोन उभे खांब म्हणजे १.८ घनफूट. वरची साडेपाच फुटी पट्टी त्याच जाडीची, पाऊण घनफूट. तेवढ्याच लांबीचा ६ बाय ५ चा उंबरठा सव्वा घनफुटाच्या थोडा आत. चौकट झाली ३.७. सहा फूट उंच, साडेतीन फूट (४२ इंच) रुंद, दीड इंच जाड फळ्यांचे आणखी अडीच-पावणेतीन. त्या दिवशीचा जुन्या सागाचा भाव जवळच्या वखारीत विचारून घ्या आणि गुणा. ही झाली लाकडाची किंमत, यापुढचे पैसे कोरीवकामाचे आणि जुनेपणाचे. मालकाला लाकडाच्या भावाखाली कधीच मागू नका. त्यालाही वखार माहीत असते, आणि नसली तरी त्याच्या मेव्हण्याला असते.

घनफुटावरून वजनही कळतं. साग घनफुटाला साधारण १८-१९ किलो. वर सांगितलेलं दार चौकटीसकट ११५ किलोच्या आसपास भरतं. चार माणसं आणि छोटा हत्ती टेम्पो सांगून ठेवा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून गाडी न्यायची असेल तर दार उभं बांधू नका, आडवं, खाली भाताचा पेंढा घालून.

काढायचं कसं

जेसीबीने चौकट ओढून काढायला कुणालाही देऊ नका. आधी कौलं उतरवा, मग वरचे वासे, मग चौकटीवरचे चिरे हाताने. वरच्या पट्टीची दोन्ही टोकं भिंतीत वीतभर शिरलेली असतात. घाईतला गडी ती करवतीने कापतो आणि चौकट पाच मिनिटांत बाहेर काढून दाखवतो. त्या टोकांवरच चौकट उभी असते, आणि नव्या भिंतीत तिला धरून ठेवणारीही तीच असतात. पटाशीने आजूबाजूचा चुना-माती मोकळी करा, पहार लावायची तर लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून.

फळ्या आधी काढायच्या. जुनी दारं पुष्कळदा बिजागरीवर नसतात. फळीच्याच वर-खाली गोल खुंट ठेवलेला असतो आणि तो चौकटीच्या भोकांत फिरतो. अशी फळी उचलून वर ढकलली की खालून सुटते. ओढाओढ केली तर खुंट मोडतो. फळ्या निघाल्या की प्रत्येक तुकड्यावर खडूने डावा, उजवा, आतली बाजू लिहा. रिकाम्या चौकटीला दोन तिरक्या रिपा आणि खाली एक आडवी रीप ठोका, नाही तर गाडीत तिचा चौकोन शिल्लक राहत नाही. कडी, कोयंडा, साखळी, अडसर सगळं एका पिशवीत. अडसराचं लाकूड लोक तिथेच टाकून येतात, का कोण जाणे.

घरी आणल्यावर दार लगेच बसवू नका. सावलीत, जमिनीपासून वर, रिपांवर आडवं ठेवा आणि काही आठवडे तुमच्या घरची हवा खाऊ द्या.

रंग काढायचा तर

आपल्याकडच्या दारांवर हिरव्या-निळ्या ऑइलपेंटचे थर असतात. जुन्या रंगांत शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. म्हणून ब्लोलॅम्पने जाळायचा नाही आणि कोरडा घासून धूळ उडवायची नाही. पाणी मारून ओला खरवडा, मास्क लावा, खरवड कागदावर गोळा करा. परसात पोरं आणि कोंबड्या नकोत. कॉस्टिक सोडा लावून पटकन काढून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा, त्याने साग काळा पडतो आणि सांधे ढिले होतात. आणि निळा रंग छान मुरलेला असेल तर राहू द्या की. कोकणातलं दार निळं शोभतं.

वरून जवसाचं तेल पातळ हाताने, दोन-तीन वेळा, मध्ये वाळायला वेळ देऊन. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात ते दारालाही लावा असं कुणी सांगेल. वाळवी पळते हे खरं, पण हातावर उतलं तर कातडी सोलते. लावायचंच तर चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला, हातमोजे घालून.

बसवताना

चौकटीचं महत्त्व इथे कळतं. जुन्या दाराचं माप कुठल्याही नव्या चौकटीला जुळत नाही. मग सुतार फळी कापतो, सांधा उघडा पडतो आणि दोन पावसांत दार खिळखिळं होतं. चौकट असली की उलटं करता येतं, भिंतीतली मोकळीक चौकटीच्या मापाची ठेवता येते. म्हणून दार हातात आल्याशिवाय गवंड्याला भिंत बांधू देऊ नका.

जुनी दारं ठेंगणी असतात, साडेपाच फुटीही मिळतात. उंच करायची असतील तर वर झरोका घ्या किंवा खाली चिऱ्याची पायरी घाला, फळीला जोड देऊ नका. घरात म्हातारं माणूस किंवा वॉकर असेल तर सहा इंची उंबरठ्याचं दार मुख्य दार म्हणून नको. ते मधल्या खोलीला किंवा पडवीला द्या.

भिंतीला टेकणाऱ्या बाजूला डांबराचा हात द्या. उंबरठा मातीवर न टेकवता दगडावर बसवा. समुद्र जवळ असेल तर नवे स्क्रू-बिजागऱ्या पितळेच्या, नाही तर ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या. साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात एका वर्षात गंजून वाहू लागतं.

आणि पहिल्या जुलैत दार अडकणारच. सुतार रंधा घेऊन येईल, त्याला चहा पाजून परत पाठवा. कुठे घासतं तिथे खडूने रेघ मारून ठेवा आणि दिवाळीनंतर पुन्हा बघा. तेव्हाही घासत असेल तर तेवढ्याच रेघेवर रंधा मारा आणि उघड्या पडलेल्या लाकडाला त्याच दिवशी तेल द्या.